डावीकडे पाहा

गोदीच्या दारात बस उभी असते, तोंड शहराकडे.
अडतीस माणसं, अडतीस हिरव्या चिकट्या छातीवर,
गट क्रमांक चौदा.
मी मोजते, पुन्हा मोजते.
लुत्फी आरशातूनच मान हलवतो.
मग मी माईकवर फुंकर घालते
आणि तीन हजार वर्षं सुरू होतात.

मी नझीहा. आपल्याकडे साडेपाच तास आहेत.
जहाज साडेचारला सुटेल, ते कुणासाठी थांबत नाही,
आमच्या राणीसाठीसुद्धा थांबलं नव्हतं.
(हसतात. राणी कोण, ते नंतर सांगायचं असतं.)

डावीकडे पाहा, ला गुलेतचा किल्ला.
स्पॅनिशांनी बांधला, तुर्कांनी जिंकला,
सध्या मांजरांच्या ताब्यात आहे.
पुन्हा डावीकडे पाहा,
पण इथे मी काहीच बोलत नाही.
मासळीच्या बंद खानावळीवर तिसरा मजला,
निळा कठडा, त्यावर वाळत घातलेली चादर,
आणि चादरीमागून हलणारा एक हात.
सगळी बस हात हलवते.
किती प्रेमळ लोक, कुणीतरी म्हणतं दरवेळी.
माझा फोन बंद, पिशवीच्या तळाशी. कंपनीचा नियम.
मी फक्त माईक या हातातून त्या हातात घेते.
आईला तेवढं पुरतं, असं मी धरून चालले आहे.

मग कार्थेज.
हे तळं नाही बरं का, युद्धनौकांचं बंदर होतं,
दोनशेहून जास्त नौका, गोल, एकीला लागून एक.
आज एक होडी, उलटी, आणि तिच्या सावलीत
टायरवर बसून गळ टाकणारा पोरगा.
त्याने आमच्याकडे वळूनही पाहिलं नाही.
सम्राटाच्या स्नानगृहात एकच खांब पूर्ण उंचीचा,
तोही आमच्या काळात पुन्हा उभा केलेला.
बाकीचे किती उंच होते, ते त्याच्यावरून ताडायचं.
माझं सगळं कामच तसं.

तिथे, त्या खांबाच्या सावलीच्या पट्ट्यात,
कोर्नेलिया माझ्याजवळ आली.
नेदरलँड्सची, चाळीस वर्षं परिचारिका,
गुडघ्याला पट्टा, कानामागे मोगऱ्याचा तुरा
(दोन दिनारचा, तिने पाच दिले).
कॅमेऱ्याचा पडदा तिने दोन बोटांनी ताणला.
कठडा मोठा झाला, चादर मोठी झाली, हात मोठा झाला.
ही बाई हात हलवत नाहीये, ती म्हणाली.
हे बघ. गोळ्यांची पट्टी. रिकामी आहे.

उन्हात माझे पाय गार पडले.
आजचं कळलं. पण त्याआधीचे हात?
चार वर्षं, आठवड्याला तीन जहाजं,
त्यांतले किती नमस्कार होते आणि किती हाका?

परतीच्या वाटेवर मी माईक उचलला.
उजवीकडे पाहा, एक औषधाचं दुकान.
लुत्फीने आरशात पाहिलं, काही न विचारता ब्रेक दाबला.
इथे आपण पाच मिनिटं थांबणार आहोत.
लोकांनी दुकानाचे फोटो काढले,
तराजूचे, पाटीचे, पेंगणाऱ्या बशीरकाकांचे.
कुणी विचारलं, कोणत्या शतकातलं?
मी म्हटलं, याच.

तिसऱ्या मजल्यावरून दोरीला बांधलेली टोपली खाली आली,
धक्के खात, प्रत्येक खिडकीशी थबकत.
मी गोळ्या ठेवल्या. टोपली वर गेली.
अडतीस कॅमेरे तिच्याबरोबर वर गेले.
आई वरून ओरडली, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं:
ऊन लागेल त्या लोकांना, आत बसव!
टोपली पुन्हा खाली आली.
तळाशी सुटे दिनार, मोजून,
आणि लुत्फीसाठी फडक्यात गुंडाळलेली गरम भाकरी.

चार वाजून बावीस मिनिटांनी मी गोदीत मोजलं.
अडतीस.
कोर्नेलियाने तिचा तुरा माझ्या हातात दिला,
बोलली काहीच नाही.

पुढच्या आठवड्यात कंपनीचा फोन आला.
मला वाटलं, गेली नोकरी.
अभिप्रायाच्या कागदांवर म्हणे बहुतेकांनी लिहिलं होतं:
सर्वांत आवडलं ते टोपलीचं ठिकाण.
ते रोजच्या कार्यक्रमात घेता येईल का?

मी आईला विचारलं.
तिने कोथिंबीर निवडता निवडता म्हटलं,
घ्या की. पण मग रोज कुणीतरी
वर बघायला हवं, नीट.